सार्वमतानंतर खुर्च्या का हलल्या? ब्रिटन २०१६ ते २०१९, नियमांच्या अंगाने

नियमपुस्तक

ब्रेक्झिटवर मराठीत जे वाचायला मिळतं त्यात स्वभावचित्रंच फार. तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरॉन बेफिकीर, त्यांच्यानंतरच्या थेरेसा मे हट्टी, मग आलेले बोरिस जॉन्सन बेभरवशाचे, विरोधी मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन ढिम्म. असतीलही तसे. पण युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर २३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं, त्यानंतर कोण टिकलं आणि कोण गेलं, हे बऱ्याच अंशी पक्षांच्या नियमांतल्या आकड्यांनी ठरवलं: किती टक्के खासदारांची पत्रं, कितींचं अनुमोदन, शेवटचं मत कुणाचं. धागा त्यासाठी काढलाय. ब्रेक्झिट चांगलं की वाईट यावर भांडायला दुसरे धागे आहेत.

आधी निकाल. बाहेर पडा: १,७४,१०,७४२ मतं, ५१.९ टक्के. राहा: १,६१,४१,२४१ मतं, ४८.१ टक्के. मतदान ७२.२ टक्के. इंग्लंड (५३.४) आणि वेल्स (५२.५) बाहेर पडण्याच्या बाजूला, स्कॉटलंड (६२) आणि उत्तर आयर्लंड (५५.८) राहण्याच्या.

पहिली पाचर कायद्यातच होती. २०११ साली मतदानपद्धत बदलायची का यावर सार्वमत झालं, तेव्हा कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की होकार आला तर मंत्र्याने अंमलबजावणीचा आदेश काढायचाच. २०१५ च्या सार्वमत कायद्यात असं कलमच नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने निकाल सल्ल्यापुरता आणि राजकारणात मात्र हुकूम. शिवाय ‘बाहेर’ म्हणजे नेमकं कुठे, याचा मसुदा नव्हता. नॉर्वेसारखं युरोपच्या एकल बाजारात (माल, सेवा, माणसं मोकळी फिरतात तो) राहायचं, नुसत्या जकात संघात (आपसात जकात नाही, बाहेरच्या मालाला सगळ्यांची एकच) राहायचं, की कॅनडासारखा व्यापार करार करायचा? मतपत्रिकेवर दोनच चौकटी. सरकारी खात्यांनाही या निकालाची तयारी करू नका असंच सांगितलं होतं. अर्थखात्याने बाजार सावरण्यापुरती केलेली तयारी काय ती अपवाद. संसदेच्या परराष्ट्र समितीने जुलै २०१६ मध्ये त्याला ‘घोर निष्काळजीपणा’ म्हटलं.

२४ जूनच्या सकाळी पौंड दीड डॉलरवरून १.३३ च्या आसपास घसरलेला, म्हणजे १९८५ नंतरचा नीचांक, आणि कॅमेरॉन दहा नंबरच्या, म्हणजे पंतप्रधान निवासाच्या दारात राजीनामा जाहीर करत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता सत्तेतल्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाची नेता निवडायची रीत. ही १९९८ पासूनची. खासदार गुप्त मतदान करतात, प्रत्येक फेरीत तळाचा उमेदवार बाद, असं करत दोन उरले की नावं पक्षाच्या वर्गणीदार सभासदांकडे जातात (तेव्हा टपालाने). सभासदत्व किमान तीन महिने जुनं हवं. सगळा कारभार ‘१९२२ समिती’ पाहते, म्हणजे मंत्रिपद नसलेल्या खासदारांची संघटना. तेव्हा अध्यक्ष ग्रॅहम ब्रेडी.

२०१६ चे आकडे:

५ जुलै: मे १६५, लेडसम ६६, गोव्ह ४८, क्रॅब ३४, फॉक्स १६. फॉक्स बाद, क्रॅब स्वतःहून बाजूला.

७ जुलै: मे १९९, लेडसम ८४, गोव्ह ४६.

यात बोरिस जॉन्सन यांचं नावच नाही. अर्ज भरायची मुदत ३० जूनला दुपारी बारापर्यंत होती. त्या सकाळी त्यांचे प्रचारप्रमुख असलेले मायकेल गोव्ह स्वतःच उभे राहिले आणि जॉन्सन यांनी माघार घेतली. सार्वमत जिंकलेल्या बाजूचे दोन मोठे चेहरे मुदत संपायच्या आतच एकमेकांना कापून मोकळे.

११ जुलैला लेडसमही गेल्या. मुलं असल्यामुळे देशाच्या भविष्यात आपला वाटा जास्त, अशा अर्थाचं त्यांचं वक्तव्य छापून आलं होतं, त्यावर गदारोळ झाला होता. पण माघार घेताना दिलेलं कारण जास्त महत्त्वाचं: जेमतेम पाव खासदार पाठीशी असताना स्थिर सरकार चालवता येणार नाही. तिसऱ्या क्रमांकावरच्या गोव्ह यांना पुढे घ्यायचं का, हा प्रश्न आला. समितीने नाही म्हटलं, आणि सभासदांकडे कागद न जाताच मे नेत्या झाल्या. १३ जुलैला पंतप्रधान.

ही गोष्ट लक्षात ठेवा. ‘राहा’वाल्या मे बाई ‘बाहेर पडा’ राबवायला आल्या, त्याही फक्त खासदारांच्या जोरावर. सभासदांनी त्यांना कधी निवडलंच नाही.

खडीसाखर

छान धागा. एक कळलं नाही. त्याच आठवड्यात मजूर पक्षाच्या खासदारांनी कॉर्बिन यांच्यावर १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास दाखवला. पाचातले चार खासदार विरोधात! तरी हा माणूस जागचा हलला नाही. कसा काय? आपल्याकडे इतके आमदार फुटले असते तर संध्याकाळपर्यंत शपथविधी उरकला असता.

बाकावरून

खडीसाखर ताई, कारण त्या ठरावाला मजूर पक्षाच्या नियमात जागाच नव्हती. तो खासदारांचा आपसातला ठराव. हुजूर पक्षात अविश्वास मंजूर झाला की नेता गेलाच, फेरनिवडीत उभंही राहता येत नाही. मजूर पक्षात खासदारांना नेता काढता येत नाही, फक्त आव्हान देता येतं. त्यासाठी एकाच उमेदवारामागे पक्षाच्या २० टक्के खासदार आणि युरोपीय खासदारांच्या सह्या लागायच्या. तेव्हा हा आकडा ५१.

क्रम असा. २६ जूनच्या पहाटे हिलरी बेन यांना छाया मंत्रिमंडळातून (सरकारच्या मंत्र्यांसमोर विरोधी पक्ष उभा करतो त्या फळीतून) काढलं, आणि दिवसभर राजीनाम्यांची रांग लागली. २८ जूनला १७२–४०. कॉर्बिन म्हणाले, मला सभासदांनी निवडलंय. ११ जुलैला अँजेला ईगल यांनी ५१ चा आकडा पार करून आव्हान दिलं आणि खरा घोळ तिथे सुरू झाला: विद्यमान नेत्यालाही ५१ सह्या आणाव्या लागतील का?

लागल्या असत्या तर खेळ खलास. पाठीशी खासदारच ४० होते. नियमातलं वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येण्यासारखं. १२ जुलैला पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने गुप्त मतदान घेतलं आणि १८ विरुद्ध १४ ने ठरवलं की विद्यमान नेत्याचं नाव मतपत्रिकेवर आपोआप येतं. दोघंजण इकडचे तिकडे झाले असते तर १६–१६. त्या नेतृत्वाचा निकाल सप्टेंबरच्या लिव्हरपूल अधिवेशनात लागला असं लिहितात. खरं तर तो या खोलीत लागला. निर्णयाला एका देणगीदाराने कोर्टात आव्हान दिलं, जुलैअखेर ते फेटाळलं गेलं.

त्याच बैठकीत कॉर्बिनविरोधकांनी दोन मेखा मारल्या होत्या. एक: १२ जानेवारीनंतर आलेल्या सभासदांना मत नाही. सव्वा लाखाच्या वर लोक त्यामुळे बाहेर. हे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे सभासद जिंकले. चारच दिवसांत अपील न्यायालयाने निकाल फिरवला. दोन: ‘नोंदणीकृत समर्थक’ म्हणून मत द्यायची फी आदल्या वर्षी ३ पौंड होती ती २५ केली आणि नोंदणीला फक्त दोन दिवस दिले. एवढे पैसे कोण भरणार, असा हिशेब. ४८ तासांत १ लाख ८० हजारांहून जास्त अर्ज आले. आणि त्या गटात कॉर्बिन यांना मिळाली सुमारे ७० टक्के मतं, म्हणजे सभासद आणि संलग्न संघटनांचे समर्थक या इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त!

ईगल मागे हटल्या, ओवेन स्मिथ लढले. २४ सप्टेंबर: कॉर्बिन ३,१३,२०९ (६१.८ टक्के), स्मिथ १,९३,२२९.

मधल्या काळात विरोधी पक्षाकडे माणसं किती उरली होती याचा नमुना: ८१ वर्षांचे पॉल फ्लिन वेल्सचे छाया मंत्री आणि सभागृहाचे छाया नेते अशी दोन खाती एकटे सांभाळत होते.

उलटतपासणी

नियमपुस्तक, आकडे चोख आहेत, पण सगळं नियमांच्या गळ्यात घालू नका. मे यांनी स्वतःच्या हाताने तीन दोर कापले आणि त्यातला एकही नियमाने कापायला लावला नव्हता.

पहिला, १७ जानेवारी २०१७ चं लँकेस्टर हाउसचं भाषण. एकल बाजार नाही, युरोपीय न्यायालयाचा अधिकार नाही, जकात संघाचं पूर्ण सदस्यत्व नाही. सार्वमतात यातलं काहीच विचारलेलं नव्हतं. ५२–४८ च्या निकालावर इतका कडक अर्थ लादला की पुढे मजूर पक्षाची मतं मागायला तोंड उरलं नाही.

दुसरा, २९ मार्च २०१७ ला कलम ५० चालू केलं, म्हणजे युरोपीय संघाच्या करारातल्या कलमाखाली बाहेर पडायची नोटीस दिली. हे चालू झालं की दोन वर्षांचं घड्याळ सुरू, आणि मुदत वाढवायला उरलेल्या २७ देशांचा एकमताने होकार लागतो. आपल्याच मंत्रिमंडळात काय मागायचं यावर एकमत नसताना घड्याळ कशाला सुरू करायचं? ते एकमत झालं (झालं म्हणायचं!) ६ जुलै २०१८ ला, चेकर्सच्या बैठकीत. पंधरा महिने वाया. आणि तीन दिवसांच्या आत डेव्हिड डेव्हिस आणि जॉन्सन दोघांचे राजीनामे.

तिसरा, ८ जून २०१७ ची मध्यावधी निवडणूक. हातात काठावरचं का होईना बहुमत होतं. ते वाढवायला गेल्या आणि ३१७ वर आल्या. मग उत्तर आयर्लंडच्या डीयूपीचे १० खासदार आणि त्या बदल्यात उत्तर आयर्लंडला १ अब्ज पौंडांचा जादा निधी. आयर्लंडच्या ज्या सीमेवर सगळा करार अडणार होता, त्याच सीमेवरच्या सगळ्यात ताठर पक्षाच्या हातात सरकारची दोरी दिली.

नियमपुस्तक

उलटतपासणी, दोर कापले ते त्यांनीच, मान्य. पण कलम ५० लवकर चालू करायचा दबाव कुठून आला? सभासदांनी न निवडलेल्या, ‘राहा’वाल्या नेत्याला ऑक्टोबर २०१६ च्या पक्षाच्या अधिवेशनात सभासदांसमोरच उभं राहायचं होतं. मार्चअखेरची तारीख तिथेच जाहीर झाली. सभासदांनी निवडलेल्या नेत्याला सहा महिने थांबा म्हणता आलं असतं. यांना म्हणायची सोय नव्हती.

संसदेला विचारायचाही बेत नव्हता, हे विसरू नका. मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०१७ ला ८ विरुद्ध ३ ने सांगितलं की संसदेने कायदा केल्याशिवाय कलम ५० ची नोटीस देता येणार नाही. तेव्हा कुठे विधेयक आलं.

मांडवीकाठ

थोडं अवांतर, पण गोव्याच्या माणसाला हा विषय वाचताना १६ जानेवारी १९६७ आठवणारच. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यावर जनमत कौल झाला. विलीनीकरणाची निशाणी फूल, विरोधाची दोन पानं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१.

ब्रिटनशी तुलना करण्यासारखं ते पुढे आहे. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणवादी, त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षच त्या मुद्द्यावर उभा. सरकार हाताशी असताना कौल निष्पक्ष होणार नाही अशी विरोधकांची तक्रार. तेव्हा डिसेंबर १९६६ मध्ये सरकारने आधी राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली, मग कौल. भाऊसाहेब कौल हरले. दोनच महिन्यांत, मार्च १९६७ ला विधानसभेची निवडणूक झाली आणि ३० पैकी १६ जागा घेऊन तेच पुन्हा मुख्यमंत्री!

म्हणजे लोकांनी प्रश्न आणि माणूस वेगळे केले. ते जमलं कारण खुर्ची आधीच रिकामी होती, कौलाला केंद्राच्या कायद्याचा आधार होता, आणि ‘नाही’ म्हटलं तर काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं: आहे तेच चालू राहणार. कॅमेरॉन यांनी मात्र हरलो तरी पदावर राहीन असं सांगत प्रचार केला आणि निकालानंतर काही तासांत गेले.

उलटतपासणी

मांडवीकाठ, हा मुद्दा पटला, आणि याला ब्रिटनमधलाच जुना जोड आहे. १ मार्च १९७९ ला स्कॉटलंडच्या विधानसभेसाठी सार्वमत झालं. होकार ५१.६ टक्के, जवळजवळ ब्रेक्झिटएवढाच. पण संसदेने आधीच अट घातली होती की एकूण मतदारांच्या ४० टक्के होकार हवा, भरला ३२.९. प्रस्ताव बारगळला, चिडलेल्या स्कॉटिश नॅशनल पार्टीने अविश्वास ठराव आणला, आणि २८ मार्चला कॅलहन सरकार ३११–३१० असं एका मताने पडलं. पुढे थॅचर.

तेव्हा उंबरठा घातला तरी सरकार पडतं, नाही घातला तरी पडतं. २०१५ ला असा उंबरठा नव्हता. ५१.९ टक्क्यांना ७२.२ च्या मतदानाने गुणलं तर एकूण मतदारांच्या साडेसदतीस टक्के येतात. ४० ची अट असती तर ब्रेक्झिटही बारगळलं असतं, आणि मग कोणता गदारोळ झाला असता याची कल्पनाच करा.

कोपऱ्यातलं टेबल

मला जानेवारी २०१९ कधीच समजलेला नाही. १५ तारखेला मे यांनी युरोपीय संघाशी ठरवलेला माघारीचा करार संसदेत २०२ विरुद्ध ४३२ असा पडला. २३० मतांनी! आणि १६ तारखेला त्याच सभागृहाने त्यांच्या सरकारवर विश्वास दाखवला. हे कसं?

बाकावरून

टेबल, तिथे दहावी अनुसूची, म्हणजे आपला पक्षांतरबंदी कायदा नाही, हे उत्तर.

आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनंतर पक्षादेश मोडला तर सदस्यत्वच जातं. त्यामुळे बंड करायचं तर घाऊक करावं लागतं: गट करा, गाडीत बसवा, दुसऱ्या राज्यात न्या. २०२२ च्या जूनमध्ये महाराष्ट्राने पाहिलं, आणि ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय शेवटी तिथेच अडलं की उद्धव ठाकरे बहुमत चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाले, म्हणून त्यांना पुन्हा बसवता येत नाही.

ब्रिटनमध्ये पक्षादेश मोडला तर फार तर पक्षातून काढतील, खासदारकी राहते. म्हणून किरकोळ बंड परवडतं. १५ जानेवारीला हुजूर पक्षाचे ११८ खासदार करारावर मे यांच्या विरोधात गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच सरकारला वाचवायला परत आले. निकाल ३२५–३०६. डीयूपीचे १० त्यात आहेत. ते उलटे गेले असते तर सरकार एका मताने पडलं असतं.

आता पत्रांचा भाग, कारण नियमपुस्तकांनी तो सोडलाय. तेव्हाच्या नियमाने हुजूर पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी ‘माझा नेत्यावर विश्वास नाही’ असं १९२२ समितीच्या अध्यक्षांना लिहून दिलं की मतदान घ्यावंच लागायचं. पत्रं किती जमली हे एकट्या अध्यक्षाला माहीत, आणि ब्रेडी ताकास तूर लागू देत नसत. दिलेलं पत्र परत घेता येतं. त्यामुळे कॅमेऱ्यासमोर पत्र फडकवणारे आणि गुपचूप काढून घेणारे असे दोन्ही नमुने असतात, आणि बाहेर फिरणारा आकडा नेहमी ऐकीव.

डिसेंबर २०१८ मध्ये खासदार ३१५, म्हणून पत्रं हवीत ४८. आकडा भरला तसा ११ तारखेला ब्रेडी यांनी मे यांना फोन केला, आणि १२ ला संध्याकाळी सहा ते आठ खोली क्रमांक १४ मध्ये मतदान. निलंबित दोघांना त्याच दिवशी परत घेतलं, म्हणून मतदार ३१७. निकाल २००–११७.

बंडखोर इथे फसले. हा ठराव हरला की पुढचे बारा महिने नेत्याला हात लावता येत नाही. मे यांच्यावर सगळ्यात मोठा पराभव पुढच्याच महिन्यात आला, तेव्हा अस्त्र वापरून झालेलं होतं. महिनाभर थांबले असते तर आकडा वेगळा दिसला असता असं माझं मत.

खडीसाखर

म्हणजे घाई दोन्हीकडे नडली. बाईंना कलम ५० ची, बंडवाल्यांना पत्रांची.

आणि तो एकच करार तीनदा का आणला? सभापतींनी अडवलं होतं ना?

नियमपुस्तक

हो. १८ मार्च २०१९ ला जॉन बर्को यांनी १६०४ सालापासूनचा संकेत काढला: सभागृहाने एकदा निकालात काढलेला प्रस्ताव त्याच अधिवेशनात जसाच्या तसा पुन्हा आणता येत नाही. आणि हे ‘अधिवेशन’ जून २०१७ पासून न संपता चालूच होतं. ब्रेक्झिटचं कामकाज उरकावं म्हणून सरकारनेच ते दोन वर्षांचं केलं होतं. स्वतः खणलेला खड्डा.

सरकारने वाट काढली ती अशी. करारनाम्याचे दोन भाग होते: माघारीचा करार (पैसे, नागरिकांचे हक्क, आयर्लंडची सीमा) आणि भविष्यातल्या संबंधांचं राजकीय निवेदन. तिसऱ्या वेळी फक्त पहिला भाग ठेवला. प्रस्ताव वेगळा झाला, सभापतींनी चालू दिला. फरक बघा: २३०, मग १२ मार्चला १४९, मग २९ मार्चला ५८. बंडखोर ११८, ७५, ३४. विरोध वितळत होता, पण उरलेले ३४ वितळणारे नव्हते.

त्यांचा आक्षेप ‘बॅकस्टॉप’वर. उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातच राहणारं आयर्लंड यांच्यामधल्या सुमारे ५०० किलोमीटर सीमेवर नाकी उभी राहू नयेत म्हणून दुसरी व्यवस्था सापडेपर्यंत सगळं ब्रिटन जकात संघासारख्या रचनेत राहणार, आणि त्यातून एकतर्फी बाहेर पडता येणार नाही. डीयूपीचा आक्षेपही हाच, की काही नियम फक्त उत्तर आयर्लंडला लागू झाले असते.

मधे खासदारांनी कामकाजाचा ताबा स्वतःकडे घेऊन पर्याय चाचपले. २७ मार्चला आठ पर्याय, सगळे पडले. १ एप्रिलला चार, तेही पडले. जकात संघाचा २७३–२७६, तीन मतांनी. दुसऱ्या सार्वमताचा २८०–२९२. नेहमी खासदार होकाराच्या आणि नकाराच्या अशा दोन दालनांतून चालत जाऊन मत देतात. या वेळी कागदी मतपत्रिका वाटल्या होत्या. गोम मतपत्रिकेत होती. प्रत्येक पर्यायापुढे हो किंवा नाही लिहायचं, पसंतीक्रम नाही. मग आपल्या आवडत्याला हो आणि बाकी सगळ्यांना नाही हाच शहाणपणाचा डाव ठरतो. पसंतीक्रम असता तर कुठला तरी एक पर्याय वर आलाच असता.

२३ मे ला युरोपीय निवडणुकीत हुजूर पक्ष ८.८ टक्क्यांवर, फराज यांचा नवा ब्रेक्झिट पक्ष २९ जागांवर. निकाल लागायच्या आधीच, २४ मे ला, मे यांनी जायची तारीख दिली.

उलटतपासणी

फराज यांचं नाव निघालं म्हणून. जिंकलेल्या बाजूची अवस्था काय झाली तेही नोंदवूया. ४ जुलै २०१६ ला फराज यांनी ‘काम झालं’ म्हणून युकिपचं, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडा या मागणीवर उभ्या असलेल्या पक्षाचं नेतृत्व सोडलं. सप्टेंबरात डायान जेम्स निवडून आल्या आणि १८ दिवसांत गेल्या. नोव्हेंबरात पॉल नटॉल. एकाच मागणीवर उभा असलेला पक्ष ती मागणी मान्य झाल्यावर कोसळला, आणि मागणी रखडली तशी तीच माणसं नव्या नावाने परत आली. जाऊ द्या, युकिपवर यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही.

बाकावरून

आता २०१९ ची हुजूर निवडणूक. गर्दी टाळायला नियम बदलले: अर्जाला आठ खासदारांचं अनुमोदन, पहिल्या फेरीत टिकायला १७ मतं, दुसऱ्या फेरीत ३३. तरी दहा उमेदवार. २० जूनच्या पाचव्या फेरीत जॉन्सन १६०, हंट ७७, गोव्ह ७५. गोव्ह दोन मतांनी हुकले.

मग सभासद: जॉन्सन ९२,१५३, हंट ४६,६५६. मतदार १,५९,३२० आणि मतदान ८७.४ टक्के. साडेचार कोटींवर मतदार असलेल्या देशाचा पंतप्रधान दीड लाख वर्गणीदारांनी निवडला. पण जॉन्सन यांच्याकडे मे यांच्याकडे नव्हतं ते आलं, सभासदांचा कौल. आणि संसदेतलं बहुमत मात्र मे यांच्यापेक्षाही पातळ.

३ सप्टेंबरला जॉन्सन सभागृहात बोलत असताना त्यांचेच खासदार फिलिप ली उठले, समोरच्या बाजूला चालत गेले आणि लिबरल डेमोक्रॅट बाकावर बसले. बहुमत तिथेच संपलं. त्याच रात्री संसदेच्या कामकाजाच्या ताब्यावरचं मतदान सरकार ३२८–३०१ ने हरलं आणि विरोधात गेलेल्या २१ जणांना पक्षातून काढलं. त्यात दोन माजी अर्थमंत्री, केन क्लार्क आणि फिलिप हॅमंड, आणि चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स.

कोपऱ्यातलं टेबल

बहुमत नसेल तर निवडणूक लावायची, सोपं आहे. लावली का नाही लगेच?

नियमपुस्तक

लावता येईना. २०११ च्या मुदतबंद संसद कायद्याने पंतप्रधानाचा तो अधिकारच काढला होता. एकूण ६५० च्या दोन तृतीयांश, म्हणजे ४३४ मतं हवीत. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण जागांच्या. २०१७ ला विरोधकच राजी होते म्हणून मे यांना ५२२–१३ मिळाले. जॉन्सन यांना ४ सप्टेंबरला २९८, ९ ला २९३, २८ ऑक्टोबरला २९९. तिन्ही वेळा होकार जास्त आणि ठराव नापास.

दरम्यान संसद पाच आठवडे संस्थगित केली. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ती बेकायदा ठरवली. बेन कायद्याने १९ ऑक्टोबरपर्यंत करार मंजूर झाला नाही तर मुदतवाढ मागायचं बंधन घातलं. जॉन्सन यांनी ते पत्र पाठवलं, पण सही न करता. सोबत सही केलेलं दुसरं पत्र, की मुदतवाढ देणं चुकीचं आहे.

कोंडी फुटली ती साध्या युक्तीने. जुना कायदा न मोडता एक नवा छोटा कायदा आणायचा: ‘मुदतबंद कायद्यात काहीही असो, निवडणूक १२ डिसेंबरला.’ कायदा साध्या बहुमताने होतो. २९ ऑक्टोबरला ४३८–२०. दोन तृतीयांशाचा सगळा कोट साध्या बहुमताच्या कायद्याने ओलांडता येत होता, फक्त विरोधकांची तयारी हवी होती. मुदतवाढ मिळून कराराविना बाहेर पडायचा धोका टळल्यावर ती झाली. निवडणुकीत हुजूर ३६५, आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर. तो मुदतबंद कायदा २०२२ मध्ये रद्दच झाला.

खडीसाखर

शेवटचा प्रश्न. तिथे नोकरीला असलेल्या, भारतीय पासपोर्टवाल्या मराठी लोकांना या सार्वमतात मत होतं का? आमच्याकडे एकजण ठामपणे नाही म्हणतो.

मांडवीकाठ

होतं. ब्रिटनमध्ये राहणारे, मतदारयादीत नाव असलेले राष्ट्रकुल देशांचे नागरिक मतदार होते. भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे पुण्याहून जाऊन वर्षभर तिथे राहिलेल्याला मत होतं आणि वीस वर्षं लंडनमध्ये राहिलेल्या फ्रेंच माणसाला नव्हतं. युरोपीय संघातल्या देशांपैकी फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या नागरिकांना. पंधरा वर्षांहून जास्त परदेशात असलेल्या ब्रिटिशांनाही नाही.

बाकावरून

बरोबर. पण पक्षनेता निवडायच्या मताशी याची गल्लत नको. तिथे पारपत्र नाही, सभासदत्व पाहतात. आणि त्याचे नियम अजूनही बदलत असतात: ऑक्टोबर २०२२ मध्ये पंतप्रधान लिझ ट्रस गेल्या तेव्हा हुजूर पक्षाने अनुमोदनाची अट एकदम १०० खासदारांवर नेली, म्हणजे उमेदवार जास्तीत जास्त तीनच. एकटे सुनक शेवटपर्यंत उरले आणि सभासदांना पुन्हा एकदा विचारलंच गेलं नाही. मजूर पक्षाने २०२१ मध्ये रिकाम्या पदासाठीची अट १० वरून २० टक्क्यांवर नेली. कॉर्बिन यांना २०१५ मध्ये ३५ सह्या हव्या होत्या, मिळाल्या ३६. आजच्या अटीत ते मतपत्रिकेवरच आले नसते.